गिर्यारोहण मंडळे, विद्यापीठीय

विद्यापीठांत व त्यांना संलग्न असलेल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी गिरिभ्रमण, प्रस्तरारोहण व हिमशिखरांचे आरोहण यांसाठी चालविलेल्या संघटना म्हणजे विद्यापीठीय गिर्यारोहण मंडळे होत. पदभ्रमण, राहुट्यांतील निवास, स्कीइंग व निसर्गनिरीक्षण यांचाही त्यांच्या कार्यक्रमांत समावेश असतो. या मंडळांचा कारभार बहुधा विद्यार्थीच पाहतात. अध्यापक व माजी सदस्य सल्ल्यापुरते असतात. गिर्यारोहणाच्या इतिहासात या मंडळांना त्यांच्या सदस्यसंख्येच्या मानाने फार मोठे स्थान लाभले आहे. आल्प्स, अलास्का, काराकोरम व हिमालय यांतील अनेक महत्त्वाच्या मोहिमांचे मूळ एखाद्या वसतिगृहातील खोलीत सापडते.

या मंडळांच्या रचनेतच एक बळ व एक उणीव आहे. दरवर्षी नवे, उत्साही व सवड असलेले तरुण मिळत असल्याने मंडळ कधी म्हातारे होत नाही, हे त्याचे बळ. परंतु तीनचार वर्षांत पदवी घेऊन जुने सदस्य निघून जातात व त्यांच्याबरोबर त्यांचा अनुभवही जातो. दोर कसा तपासावा, कोणत्या कड्यावरचा दगड कुजका आहे, कोणत्या महिन्यात कोणती वाट टाळावी, परत फिरण्याची वेळ कशी ओळखावी, या गोष्टी पुस्तकातून थोड्या व सोबतीने पुष्कळ शिकता येतात. ही सोबत तुटली, की मंडळाला सर्व पुन्हा आरंभापासून शिकावे लागते आणि डोंगरावर असे शिकणे जिवावर बेतू शकते. निरनिराळ्या देशांतील मंडळांनी या उणिवेवर काय उपाय योजले, हे पाहणे म्हणजे बऱ्याच अंशी त्यांचा इतिहास पाहणेच होय.

उगम : लंडन येथे १८५७ मध्ये स्थापन झालेले ‘अल्पाइन क्लब’ हे गिर्यारोहकांचे पहिले मंडळ. त्याचे सदस्य मुख्यतः वकील, धर्मोपदेशक, प्राध्यापक इ. सुस्थित गृहस्थ असत व ते आल्प्समधील स्थानिक वाटाड्यांच्या साहाय्याने चढाई करीत. विद्यार्थ्यांना वाटाड्याची मजुरी परवडत नसे. त्यामुळे वाटाड्याशिवाय, आपापसांतच दोर बांधून चढण्याची पद्धत जर्मन भाषिक प्रदेशांतील विद्यार्थ्यांमध्ये रुजली आणि तिच्यातून म्यूनिकचे ‘अकाडेमिशर आल्पेनफेराइन’ (१८९२) व झुरिकचे ‘अकाडेमिशर आल्पेनक्लब’ (१८९६) ही मंडळे उदयास आली. विद्यार्थिदशा संपली तरी सदस्यत्व संपत नाही, हा येथील प्रघात फार उपयोगी ठरला. माजी सदस्य वर्गणी देत राहिले, नवागतांबरोबर डोंगरावर जात राहिले. झुरिकच्या मंडळाने सास-फे गावाच्या वर बांधलेली मिशाबेल येथील निवारागृहे आजही त्याच मंडळाच्या मालकीची आहेत.

म्यूनिकच्या मंडळाचा भारताशी जवळचा संबंध आला. पाउल बाउअर याने १९२९ व १९३१ मध्ये कांचनगंगेवर नेलेल्या मोहिमा मुख्यतः या मंडळाच्या सदस्यांच्या होत्या. दुसऱ्या मोहिमेत हेर्मान शालर व त्याचा शेर्पा सहकारी पासांग हे दोघे कोसळून मृत्यू पावले. याच मंडळाचा कार्ल वीन हा १९३७ च्या नंगा पर्वत मोहिमेचा नेता होता. त्या मोहिमेत जूनमधील एका रात्री हिमप्रपाताखाली तळ सापडून सोळा जण ठार झाले. त्यांत नऊ भारवाहक होते. त्यांची नावे मोहिमांच्या वृत्तांतांत क्वचितच ठळकपणे येतात.

इंग्लंडमध्ये केंब्रिज (१९०५) व ऑक्सफर्ड (१९०९) येथील मंडळे सर्वांत प्रसिद्ध. ऑक्सफर्डचे मंडळ अर्नल्ड लन याच्या पुढाकाराने स्थापन झाले. केंब्रिजच्या आसपास मैलोगणती सपाट शेते असल्याने तेथील विद्यार्थी रात्री महाविद्यालयांच्या छपरांवर व मनोऱ्यांवर चढत. जेफ्री विन्थ्रप यंग याने विद्यार्थी असताना ट्रिनिटी महाविद्यालयाच्या छपरांची एक मार्गदर्शिकाच निनावी छापली होती. अधिकाऱ्यांना हा उद्योग मान्य नव्हता आणि तो धोक्याचाही होता. तरी पुढे ब्रिटिश गिर्यारोहणाला वळण लावणाऱ्यांत यंगचे नाव प्रमुख आहे. १९३३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील विन-हॅरिस, वेजर व लाँगलँड हे तिघेही केंब्रिजचे विद्यार्थी होते.

अमेरिकेत डार्टमथ महाविद्यालयातील फ्रेड हॅरिस या विद्यार्थ्याने १९०९ मध्ये ‘आउटिंग क्लब’ची कल्पना मांडली. हिवाळ्यात खोलीत बसून राहणाऱ्या विद्यार्थ्यांना बाहेर काढणे, हा तिचा साधा हेतू होता. या मंडळाचे विशेष म्हणजे नवागतांसाठीची सहल. १९३५ पासून नवीन विद्यार्थ्यांना वर्ग सुरू होण्यापूर्वी जुन्या विद्यार्थ्यांबरोबर डोंगरावर नेण्याची प्रथा तेथे पडली. हार्व्हर्डचे गिर्यारोहण मंडळ (१९२४) हेन्री हॉल याने स्थापन केले. हॉल पुढे अनेक वर्षे आपल्या घरी मंडळाच्या सभा भरवीत असे. विद्यार्थी येत व जात, परंतु घर तेच आणि यजमानही तोच. विद्यार्थिमंडळाच्या विस्मरणशीलतेवर याहून सोपा उपाय क्वचितच कोणी योजला असेल.

नोएल ओडेल या भूवैज्ञानिकाचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. १९२३ मध्ये ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयाची स्पिट्सबर्गेनवरील मोहीम निघाली, तीत ओडेल होता व अँड्रू अर्व्हिन हा विद्यार्थीही होता. तेथील कर्तबगारीमुळे अर्व्हिनची १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी निवड झाली. ८ जून १९२४ रोजी मॅलरी व अर्व्हिन शिखराच्या दिशेने चढताना शेवटचे दिसले, ते ओडेललाच. अर्व्हिन त्या वेळी बावीस वर्षांचा होता. त्याच्या देहाचे काही अवशेष व नाव विणलेला पायमोजा शंभर वर्षांनी, २०२४ मध्ये, मध्य रोंगबुक हिमनदीवर सापडले. ओडेल पुढे १९२८ ते १९३० या काळात हार्व्हर्ड येथे अध्यापक होता व तेथील विद्यार्थ्यांबरोबर बर्फावर चढाया करीत असे.

हार्व्हर्डच्या या मंडळींपैकी आर्थर एमन्स १९३२ मध्ये चीनमधील मिन्या कोन्का शिखराच्या यशस्वी मोहिमेत होता. तीत हिमदंशाने त्याच्या पायांची बोटे गेली. तरीही चार वर्षांनी एमन्स, चार्ल्स ह्यूस्टन, फार्नी लूमिस व ॲडम्स कार्टर या हार्व्हर्डच्या तरुणांनी कांचनगंगेवर जाण्याचे ठरविले. तेथे परवानगी न मिळाल्याने त्यांनी नंदादेवी (७,८१६ मी.) निवडली आणि अनुभवी ब्रिटिश गिर्यारोहकांना सोबत घेतले. त्यांत टिलमन व ओडेल होते. शिखरासाठी ह्यूस्टन व ओडेल यांची जोडी ठरली होती. परंतु डब्यातील खराब मांसामुळे ह्यूस्टन आजारी पडला व त्याच्या जागी टिलमन गेला. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन व ओडेल शिखरावर पोहोचले. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत एवढ्या उंचीचे दुसरे शिखर कोणी गाठले नव्हते. मोहिमेतील कितार हा शेर्पा तळछावणीवर आजाराने मरण पावला.

त्याच वर्षी, त्याच पर्वतसमूहात, जपानमधील रिक्यो विद्यापीठाची तुकडी आली होती. यायिची होत्ता याच्या नेतृत्वाखाली या तरुणांनी ऑक्टोबर १९३६ मध्ये नंदाकोट (६,८६१ मी.) हे शिखर गाठले. जपानी गिर्यारोहकांचे हिमालयातील हे पहिले मोठे यश होय. जपानमध्ये गिर्यारोहण वाढले, तेच मुळी विद्यापीठांतून. केओ विद्यापीठाचे मंडळ १९१५ मधील. त्याच्या संस्थापकांपैकी यूको माकी याने १९२१ मध्ये आयगर शिखराची मिटेलेगी धार प्रथम सर केली व १९५६ मध्ये मनासलू या आठ हजार मीटरांवरील शिखराच्या पहिल्या यशस्वी मोहिमेचे नेतृत्व केले. क्योटो येथील मंडळ १९३१ मध्ये स्थापन झाले व त्याने १९५८ मध्ये काराकोरममधील चोगोलिसाचे ईशान्य शिखर जिंकले. जपानी मंडळांत ज्येष्ठ-कनिष्ठ ही उतरंड कडक असते. तिच्यामुळे अनुभव एका पिढीकडून दुसरीकडे निश्चितपणे जातो. तथापि ज्येष्ठाच्या निर्णयावर कनिष्ठाने शंका घेणे त्यात अवघड होते, हेही नमूद केले पाहिजे. स्त्रियांना या परंपरेत फारसा वाव नव्हता. एव्हरेस्टवर पोहोचलेली पहिली महिला जुन्को ताबेई (१९७५) ही शोवा महिला विद्यापीठाची पदवीधर. पदवीनंतर पुरुषांच्या मंडळांतून अनुभव घेऊन तिने १९६९ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र मंडळ काढले.

दुर्घटना : विद्यार्थी अननुभवी असतात म्हणून अपघात होतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी १९५७ मध्ये काराकोरममधील हारामोश शिखरावर मोहीम नेली, तेव्हा त्यांनी नेता म्हणून टोनी स्ट्रेदर या कसलेल्या गिर्यारोहकास पाचारण केले होते. तो दोन वर्षांपूर्वी कांचनगंगेच्या शिखरावर जाऊन आला होता. शिखराचा नाद सोडून ही मंडळी परतण्याच्या बेतात होती. केवळ पुढचा देखावा पाहावा म्हणून एका कड्यावर चढत असता हिम घसरले आणि बर्नर्ड जिलट व जॉन एमरी हे खालच्या बर्फाळ खोऱ्यात फेकले गेले. त्यांना वर काढण्यासाठी स्ट्रेदर व रे कल्बर्ट खाली उतरले व स्वतःच अडकले. जिलट व कल्बर्ट यांचा मृत्यू झाला. एमरीची हातापायांची बोटे हिमदंशाने गेली. जिलट हा विद्यापीठ मंडळाचा अध्यक्ष होता. क्योटोच्या मंडळावर याहून मोठा आघात जानेवारी १९९१ मध्ये झाला. चीनमधील मेइली हिमपर्वतावर तिसऱ्या छावणीत रात्री झोपलेले सतरा गिर्यारोहक—अकरा जपानी व सहा चिनी—हिमप्रपाताखाली गाडले गेले. तो पर्वत स्थानिक तिबेटी लोकांना पवित्र असून पुढे तेथील आरोहणास मनाई करण्यात आली. अनुभव पुरेसा असला तरी निसर्ग त्यापुढे जाऊ शकतो, हे या दोन घटनांतून दिसते. असे असूनही अनुभव नसलेल्या तुकडीला जे साधे धोकेही ओळखता येत नाहीत, त्यांचा प्रश्न वेगळा आहे व महाराष्ट्राच्या संदर्भात तोच अधिक महत्त्वाचा आहे.

भारत : भारतात गिर्यारोहणाची संघटित सुरुवात ‘हिमालयन क्लब’च्या स्थापनेने (१९२८) झाली, पण त्याचे आरंभीचे सदस्य बहुतेक ब्रिटिश अधिकारी होते. भारतीय तरुणांकडे हा छंद आला तो शाळेच्या वाटेने. डेहराडूनच्या डून स्कूलमधील होल्ड्‌सवर्थ व गिब्सन या इंग्रज शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गढवालच्या डोंगरांत नेले. होल्ड्‌सवर्थ १९३१ मध्ये कामेट शिखरावर पोहोचलेल्यांपैकी होता. त्यांचे सहकारी शिक्षक गुरदयाल सिंग यांनी १९५१ मध्ये त्रिशूल (७,१२० मी.) सर केले व या घटनेपासून भारतीय गिर्यारोहणाचा आरंभ मानण्याची पद्धत आहे. त्याच शाळेचे विद्यार्थी नंदू जयाळ हे दार्जिलिंगच्या हिमालयीन गिर्यारोहण संस्थेचे (स्थापना ४ नोव्हेंबर १९५४) पहिले प्राचार्य झाले. एव्हरेस्टवरील १९५३ च्या विजयानंतर निघालेली ही संस्था व उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (१९६५) यांनी सुमारे महिनाभराचे प्राथमिक व प्रगत अभ्यासक्रम सुरू केले. राष्ट्रीय छात्रसेनेमार्फत व स्वतंत्रपणेही महाविद्यालयीन विद्यार्थी तेथे जाऊ लागले. एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल (१९८४) या उत्तरकाशीच्याच संस्थेत शिकल्या. भारतातील विद्यार्थ्याला तांत्रिक शिक्षण मिळाले ते अशा प्रकारे विद्यापीठाबाहेर, शासनाने चालविलेल्या संस्थांतून.

महाराष्ट्र : केंब्रिज, हार्व्हर्ड किंवा क्योटो यांच्या धर्तीचे, विद्यापीठाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या चालणारे मंडळ महाराष्ट्रात रुजले नाही. याचे कारण उत्साहाच्या अभावात शोधणे चुकीचे ठरेल. ते विद्यापीठाच्या घडणीत आहे. मुंबई विद्यापीठ (१८५७) हे मुख्यतः संलग्नक विद्यापीठ. त्याची महाविद्यालये दक्षिण मुंबईपासून ठाणे, पालघर व कोकणापर्यंत विखुरलेली. विद्यार्थी बहुतेक घरी राहणारे. सकाळी लोकलने यायचे, तास आटोपून परत जायचे, अशा जीवनक्रमात संध्याकाळी एकत्र बसून दोर तपासण्यास वा पुढच्या चढाईची आखणी करण्यास ना जागा ना वेळ. पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था हा निवासी अपवाद होय. तेथून काही नामवंत गिर्यारोहक निघाले.

दुसरे कारण अधिक सुखद आहे. मराठी तरुण डोंगरावर जातो तो प्रथम किल्ला पाहण्यासाठी. शिवकालाविषयीची आस्था, गो. नी. दांडेकर व ब. मो. पुरंदरे यांचे लेखन व भ्रमंती यांमुळे दुर्गभ्रमण ही महाराष्ट्रात एक सांस्कृतिक रीत बनली होती. तिला कोणत्याही मंडळाच्या सदस्यत्वाची गरज वाटत नसे. पाठीवर पिशवी, कॅनव्हासचे बूट, भाकरी व शेवटची कर्जत किंवा कसारा गाडी एवढ्यावर शनिवारची रात्र निघे. तथापि इतिहासाच्या ओढीने गेलेला हा प्रवासी अनेकदा, पायऱ्या तुटलेल्या एखाद्या कातळटप्प्यावर, नकळत प्रस्तरारोहक होतो. सह्याद्रीचा खडक बेसाल्टचा असून तो आडव्या थरांनी बनलेला आहे. कठीण थरांमधील मऊ पट्टे झिजून अरुंद कपाऱ्या होतात. कड्याखाली घसाऱ्याच्या उतरणी लागतात. पावसाळ्यात खडकावर शेवाळ चढते. उन्हाळ्यात कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात व धुराने, मोठ्या आवाजाने किंवा उग्र वासाच्या द्रव्यांनी त्या चवताळतात. वरवर सोप्या वाटणाऱ्या या डोंगरांत फसगत होते ती बर्फाळ शिखरांपेक्षा वेगळ्या प्रकारची. येथे उंची कमी असते, परंतु सावधपणाही कमी असतो.

दार्जिलिंगची संस्था निघाली त्याच वर्षी, म्हणजे १९५४ मध्ये, मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या गिर्यारोहण संस्थांपैकी ही एक. मुंब्र्याचे कडे, कान्हेरी लेण्यांचा परिसर व पुढे बेलापूरचे खडक ही मुंबईकर प्रस्तरारोहकांची शिकण्याची ठिकाणे बनली. १९८८ मध्ये गिरिविहारने वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली कांचनगंगेवर (८,५८६ मी.) नागरी मोहीम नेली. लिमये हे पवईच्याच भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर. या मोहिमेत एका तरुण सदस्याला प्राण गमवावे लागले. म्यूनिकच्या विद्यार्थ्यांनी ज्या पर्वताला हात घातला होता, त्यावरच सुमारे साठ वर्षांनी मुंबईच्या तरुणांनी जावे, हा योगायोग लक्षणीय आहे. गिरिविहारच्या प्रयत्नाने पुढे कृत्रिम भिंतीवरील आरोहणाच्या जागतिक चषक स्पर्धा नवी मुंबईत २०१६ व २०१७ मध्ये भरल्या. पुण्यात १९८२ मध्ये ‘गिरिप्रेमी’ स्थापन झाली. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली तिने २०१२ मध्ये एव्हरेस्टवर व २०१९ मध्ये कांचनगंगेवर यशस्वी मोहिमा नेल्या. त्याआधी १९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले होते. सह्याद्रीतील वाटांची शास्त्रशुद्ध माहिती इंग्रजीत प्रथम एकत्र केली ती मुंबईच्या हरीश कापडिया यांनी (१९७७). १९७४ मध्ये नंदादेवीच्या परिसरातील देवटोळी शिखरावरून उतरताना हिमभेगेत पडून ते जबर जखमी झाले होते. दोन वर्षे कुबड्यांवर काढल्यानंतर ते पुन्हा हिमालयात गेले.

या संस्थांकडे पाहिले, म्हणजे महाराष्ट्राने विद्यार्थिमंडळाच्या विस्मरणाचा प्रश्न कसा सोडविला हे ध्यानात येते. युरोपात विद्यार्थी पदवी घेऊन गेला तरी मंडळ विद्यापीठात राहिले. येथे तरुण महाविद्यालय सोडून नोकरीला लागले, पण त्यांनी डोंगर सोडला नाही व आपल्या उपनगरात किंवा गावात स्वतंत्र संस्था उभी केली. मुलुंड, लोणावळे, खोपोली, नासिक, कोल्हापूर अशा ठिकाणी संस्था वाढल्या व अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ ही त्यांची शिखर संघटना झाली. अपघातप्रसंगी दरीत उतरून जखमींना वर काढण्याचे काम लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’ यांसारख्या संस्थांचे स्वयंसेवक करतात व त्यांच्यात मेळ घालण्यासाठी गिर्यारोहकांचे एक बचाव समन्वय केंद्रही कार्यरत आहे. या सेवाभावाचे मोल मोठे आहे.

परंतु याची दुसरी बाजूही आहे. अनुभवी माणसे संस्थांत गेली आणि महाविद्यालये रिकामी राहिली. जिमखाना, निसर्गमंडळ, राष्ट्रीय सेवा योजना यांच्या वतीने निघणारी सहल बहुधा पावसाळ्यात, शैक्षणिक वर्षाच्या आरंभी निघते. त्या वेळी प्रथम वर्षाचे विद्यार्थी सर्वांत नवखे असतात व खडक सर्वांत निसरडा असतो. सोबतचे अध्यापक कागदोपत्री जबाबदार असतात, पण त्यांनी दोर हाताळलेला असतोच असे नाही. गेल्या काही वर्षांत समाजमाध्यमांवरून जमणाऱ्या, एकमेकांना अनोळखी अशा मोठ्या तुकड्यांची यात भर पडली आहे. राज्य शासनाने साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी २०१४ मध्ये व सुधारित स्वरूपात २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. प्रशिक्षित नेता, प्रथमोपचार, साधनांची तपासणी इ. बाबींवर त्यांत भर आहे. पहिल्या सूचनांवर गिर्यारोहण संस्थांनी आक्षेप घेतले होते. व्यावसायिक सहल व हौशी मंडळ यांना एकाच मापाने मोजू नये, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने गिरिप्रेमीशी संलग्न प्रशिक्षण संस्थेच्या सहकार्याने गिर्यारोहणाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. बाहेर गेलेला अनुभव विद्यापीठात परत आणण्याचा हा महाराष्ट्रातील एक ठळक प्रयत्न म्हणावा लागेल.

वसई-विरार परिसर : उपर्युक्त सर्व प्रश्न एका ठिकाणी पाहावयाचे झाल्यास वसई-विरारचे उदाहरण घेता येईल. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठास संलग्न असून पुष्कळ विद्यार्थी मुंबईतील महाविद्यालयांतही लोकलने ये-जा करतात. एका बाजूस खाडी व समुद्र आणि दुसऱ्या बाजूस रेल्वेमार्गाला जवळजवळ समांतर गेलेली डोंगररांग अशी या परिसराची रचना आहे. विरारचा जीवदानीचा डोंगर देवदर्शनासाठी नित्य चढला जातो. तुंगारेश्वरचा डोंगर सु. ६६० मी. उंच असून सभोवतालचे जंगल २००३ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. त्याच रांगेत कामणदुर्ग आहे. उत्तरेस साकवारजवळ टकमक, सफाळ्याजवळ तांदूळवाडी, पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीलगत काळदुर्ग, पूर्वेस वाडे तालुक्यात कोहोज व मनोरच्या पुढे अशेरी हे किल्ले एका दिवसाच्या टप्प्यात येतात.

वसईचा भुईकोट चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये घेतला, हे सर्वश्रुत आहे; पण त्या मोहिमेचा उत्तर कोकणातील या डोंगरी ठाण्यांशी किती निकटचा संबंध होता, ते टकमक किंवा अशेरीच्या माथ्यावरून खालचा प्रदेश पाहिल्याशिवाय नीट उमगत नाही. अशेरीवर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड अजून आहे. कोहोजच्या माथ्यावर वाऱ्यापावसाने झिजून मनुष्याकृतीसारखा दिसणारा खडक लांबून ओळखू येतो. शिकाऊ मंडळाच्या दृष्टीने हा प्रदेश जणू पायरीपायरीने रचलेला आहे. तुंगारेश्वरला दमसास व जंगलातील वाट ओळखणे, तांदूळवाडी व कामणदुर्ग येथे उभी चढण व पाण्याचा हिशोब, अशेरीला माथ्याजवळील कातळटप्पा आणि अखेरीस डहाणूजवळचा महालक्ष्मीचा सुळका, जेथे दोर, मेखा व जाणता पुढारी यांवाचून जाऊ नये. दमट किनारी हवेमुळे येथे उष्म्याचा त्रास घाटमाथ्यापेक्षा लवकर होतो व मार्चनंतर बहुतेक टाकी आटतात किंवा त्यांतील पाणी पिण्याजोगे राहत नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चढाईस उत्तम.

याच डोंगरांत, कामणजवळ, चिंचोटीचा धबधबा आहे. पावसाळ्यात तेथे बुडून तरुणांचे मृत्यू वारंवार घडले असून त्यामुळे प्रशासनास तेथे जाण्यावर बंदी घालावी लागते. मरण पावणारे बहुतेक सहलीला आलेले असतात. त्यांच्यापैकी कोणी कडा चढत नसतो. वरच्या डोंगरात पाऊस झाला की ओढ्याचे पाणी काही मिनिटांत वाढते, धबधब्याच्या तळाशी भोवरे व खोल खळगे असतात आणि ओल्या कातळावर पाय ठरत नाही, एवढी माहिती जवळच्या पाड्यावरील कोणीही वारली किंवा मल्हार कोळी गृहस्थ देऊ शकतो. किल्ले वसई मोहिमेसारखे स्थानिक गट दुर्गांची स्वच्छता, नोंदी व अभ्यासफेऱ्या यांद्वारे तरुणांना या डोंगरांशी जोडून ठेवतात. ज्या महाविद्यालयांत स्वतःचे मंडळ आहे तेथेही नोंदवही ठेवणे, प्रत्येक दोराची खरेदी व वापर लिहून ठेवणे, माजी विद्यार्थ्यांना निदान दोन वर्षे नवागतांबरोबर येण्याचे बंधन घालणे व पाड्यांवरील माणसाला वाटाड्या म्हणून योग्य मोबदल्याने सोबत घेणे, या गोष्टी फारशा खर्चिक नाहीत. अभयारण्यात जाण्यासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते व सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे लागते.